हाडांवरची शाई

वैद्यकीयच्या पहिल्या वर्षाला प्रवेश मिळाला की पुस्तकांच्या आधी बोन सेट मिळवायचा, ही आमच्या वेळची रीत होती. सीनियरकडून घ्यायचा, आपलं काम झालं की ज्युनियरला विकायचा. माझा सेट पत्र्याच्या ट्रंकेतून आला. हाडं खरी, माणसाची. त्यातल्या मांडीच्या हाडावर माझ्याआधीच्या कित्येकांची शाई होती. स्नायू जिथून निघतो तिथे लाल, जिथे जाऊन चिकटतो तिथे निळी. कोणी स्केचपेन वापरलं होतं, कोणी नेलपॉलिश. जुन्या रेषांवर नव्या रेषा गिरवलेल्या, आणि मागच्या कंगोऱ्यालगत बारीक देवनागरीत पाठांतराची एक युक्ती. हाताळून हाताळून हाड गुळगुळीत झालं होतं, पिवळं पडलं होतं. शाई मात्र टिकून होती. हाड सच्छिद्र असतं, शाई त्यात मुरते.

आजीने ती ट्रंक माजघरात येऊ दिली नाही. ती जिन्याखालीच राहिली. एका संध्याकाळी मी पायरीवर बसून पाठ करत होते, तेव्हा तिने लांबूनच विचारलं, “कोणाचं गं ते?” मी म्हटलं, “फीमर आहे, उजवा.” व्हायव्हाला हे उत्तर बरोबर असतं. आजी म्हणाली, “ते नव्हे. कोणाचं?”

पुढे मी जर्मनीत आले आणि इथलीच झाले. इथल्या जुन्या विद्यापीठांच्या गावांत शरीररचना शिकवण्यासाठी घडवलेल्या वस्तू जपून ठेवलेल्या आहेत. मेणाचे गर्भ, प्लास्टरची धडं, कागदाच्या लगद्याची हृदयं, पारदर्शक माणसं. सवड मिळाली की मी ती बघायला जाते. कारागिरी अशी की पाय निघत नाही. आणि प्रत्येक काचेच्या कपाटापुढे आजीचा प्रश्न सोबत असतो.

कधीकधी त्याचं उत्तर सोपं निघतं. न्यूरेम्बर्गला सतराव्या शतकात हस्तिदंत कातणारं त्सिक घराणं होतं. त्यातल्या श्टेफान त्सिकच्या (१६३९–१७१५) नावाशी हस्तिदंताच्या गरोदर बायका जोडल्या जातात. वीतभर लांबीची बाई, उताणी, डोक्याखाली हस्तिदंताचीच उशी. पोटावरचं झाकण नखाने उचललं की आत यकृत, आतडी, हृदय, सगळं सुटं. गर्भाशयात पेराहून लहान मूल, आणि काही बाहुल्यांत ते तांबड्या धाग्याने आईला बांधलेलं. या बाईवरून कोणाला शस्त्रक्रिया शिकता आली नसती. अवयव ओबडधोबड आहेत, जागाही अंदाजाने. डॉक्टरांच्या दिवाणखान्यात किंवा हौशी श्रीमंताच्या कपाटात ती राहत असणार. पण हिच्यासाठी कोणी झोपलेलं नव्हतं. ही कोणाचीच नाही.

गोष्ट अवघड होते ती शिकणं खरोखरीचं होतं तिथून. ग्योटिंगेनला १७५१ साली विद्यापीठाचं प्रसूतिगृह सुरू झालं. जर्मन मुलखातलं अशा प्रकारचं ते पहिलं. त्यासाठी अठराव्या शतकाच्या शेवटी बांधलेली इमारत आजही उभी आहे. आत भव्य जिना आहे, आणि आता तिथे संगीतशास्त्राचा विभाग आणि वाद्यांचा संग्रह आहे. त्या काळी या जिन्यावरून चढायच्या त्या बहुतेक बिनलग्नाच्या पोरी, मोलकरणी, ज्यांना बाळंतपणाला दुसरीकडे कुठे थारा नव्हता. राहणं-जेवण फुकट. त्याची भरपाई अशी की त्यांच्यावर विद्यार्थी आणि सुईणी शिकणार. १७९२ पासून १८२२ पर्यंत फ्रीडरिष बेन्यामिन ओझिआंडर तिथला प्रमुख होता. त्याच्या हाताखालच्या बाळंतपणांपैकी सुमारे चाळीस टक्क्यांत चिमटा वापरला गेला. बाळंतपणाचा सराव करायला चामड्या-कापडाची एक कृत्रिम बाई असायची, तिला फँटम म्हणत. ओझिआंडरच्या लेखी त्याच्याकडे येणाऱ्या बायका म्हणजे जिवंत फँटमच होत्या, आणि हे त्याने लपवलेलं नाही. मी स्वतः बाळंतपणं केली आहेत, चिमटाही लावला आहे. तो केव्हा लावावा लागतो आणि लावल्यावर आईचा चेहरा कसा होतो, हे मला माहीत आहे. दहातल्या चार जणींना त्याची गरज होती हे मला कोणी कितीही सांगितलं तरी पटणार नाही. कापडाची बाई खोलीत असताना जिवंत बाईवर हात बसवला गेला, कारण जिवंत बाई नाही म्हणू शकत नव्हती.

याच काळात, याच मुलखात एका म्हाताऱ्या कवीला वेगळं सुचलं. शाकुंतलावर लुब्ध झालेला गटे आपल्याला ठाऊक आहे. हाच गटे येना इथे शरीररचनेचे धडे घेत असे, हे त्या मानाने कमी सांगितलं जातं. १७८४ साली त्याने माणसाच्या वरच्या जबड्यातलं एक छोटं हाड दाखवून दिलं होतं. विल्हेल्म माइस्टरच्या भटकंतीवरच्या कादंबरीची वाढवलेली आवृत्ती १८२९ मध्ये आली. त्यातला नायक शल्यवैद्य व्हायला निघतो. शहरात प्रेतांची टंचाई आहे, ताजी थडगी सुरक्षित राहिलेली नाहीत. प्रेमात फसलेल्या आणि पाण्यात जीव दिलेल्या एका सुंदर मुलीचं प्रेत विच्छेदनाला येतं, आणि विल्हेल्मच्या वाट्याला तिचा एक हात येतो. तो नुसता बघत राहतो. त्याच्याने सुरी लावणं होत नाही. शेजारचा एक अनोळखी माणूस हे हेरतो आणि त्याला आपल्या घरी नेतो. तो मूर्तिकार असतो. माणसाचा देह कापून शिकण्याऐवजी तो घडवून शिकावा, असा त्याचा आग्रह असतो, आणि विल्हेल्म त्याचा शिष्य होतो.

कादंबरीत लिहून गटे थांबला नाही. फेब्रुवारी १८३२ मध्ये, म्हणजे मृत्यूच्या काही आठवडे आधी, त्याने बर्लिनमधल्या पेटर बॉयट या वरिष्ठ अधिकाऱ्याला याच विषयावर सविस्तर पत्र लिहिलं. विच्छेदनासाठी प्रेतं विकता यावीत म्हणून ब्रिटनमध्ये खून पडत होते. एडिंबरोच्या बर्क आणि हेअरने १८२८ साली सोळा माणसं मारली होती, आणि पाठोपाठ लंडनमधूनही तशाच बातम्या आल्या होत्या. गटेचं म्हणणं असं की फ्लॉरेन्सला मेणाच्या प्रतिकृती करण्याची कला आहे. एक शरीरशास्त्रज्ञ, एक मूर्तिकार आणि एक प्लास्टर ओतणारा असे तिघे तिकडे शिकायला पाठवा. ऐंशी ओलांडलेल्या माणसाची ही शेवटची सार्वजनिक खटपट. बर्लिनने ती मनावर घेतली नाही.

त्याच वर्षी ब्रिटनने आपल्या परीने तोड काढली. कायदा केला की गरीबगृहात आणि इस्पितळात मेलेल्या ज्या गरिबाला न्यायला कोणी येणार नाही, त्याचं प्रेत शरीरशास्त्राच्या शाळेला देता येईल. चोर गेले, गरीब राहिले. आपल्याकडचा १९४९ चा मुंबई शरीरशास्त्र अधिनियम याच वाटेचा. आमच्या डिसेक्शन हॉलमध्ये टेबलावर जे कोणी असायचे ते बहुतेक याच कायद्याने आलेले बेवारस. फूटपाथवरचे, रेल्वेखाली सापडलेले, वॉर्डात एकटे गेलेले. बेवारस हा शब्द रजिस्टरमध्ये लिहिला की पुढे काही लिहायचं उरत नसे.

फ्लॉरेन्सला कोणी गेलं नाही, तरी मेण जर्मनीत आलंच. फ्रायबुर्गला आडोल्फ झीगलर नावाच्या डॉक्टरने एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला आपली कार्यशाळा काढली आणि पुढे त्याचा मुलगा फ्रीडरिष याने ती चालवली. मुख्य काम, वाढत्या गर्भाच्या मेणाच्या मालिका. दोन मिलिमीटरचा गर्भ डोळ्याला नीट दिसतसुद्धा नाही. झीगलरकडे तो पेलाभर उंचीचा होई, पातळ दांडीवर उभा, आणि शेजारी त्याच्या पुढच्या अवस्था ओळीने. १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात, ज्या निमित्ताने भरलेल्या धर्मपरिषदेत विवेकानंद बोलले, तिथे झीगलर यांचं मेण मांडलेलं होतं आणि नावाजलं गेलं.

असे गर्भ घडवण्याची एक पद्धत मला फार आवडते, म्हणून जरा थांबून सांगते. गर्भ घट्ट करून मायक्रोटोमने त्याचे शेकडो पातळ काप घ्यायचे. प्रत्येक काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून वाढवून रेखाटायचा. समजा काप एका मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाइतका जाड आहे आणि चित्र पन्नासपट मोठं केलं आहे, तर मेणाचा पत्रा बरोबर एक मिलिमीटर जाडीचा लाटायचा. त्यावर चित्र उतरवून कडेने कापायचं. असे सगळे पत्रे क्रमाने एकावर एक ठेवायचे, गरम सुरीने कडा एकजीव करायच्या. जे चिरून चपटं झालं होतं ते पुन्हा उभं राहतं, फक्त मोठं होऊन. ब्रेस्लाउच्या गुस्टाव बोर्नने ही रीत १८८३ मध्ये मांडली. पदार्थवैज्ञानिक माक्स बोर्न हा त्याचाच मुलगा. ज्यू म्हणून १९३३ मध्ये ग्योटिंगेनमधून त्याला काढलं गेलं आणि १९३५-३६ मध्ये रामन यांच्या निमंत्रणावरून तो काही महिने बंगळुरूला राहून गेला. गटे जे म्हणत होता, घडवून शिका, ते बापाने मेणात अक्षरशः करून दाखवलं होतं.

पण काप घ्यायला गर्भ हवा. तो येई डॉक्टरांकडून, सुईणींकडून, गर्भपातांतून, शवविच्छेदनांतून. लाइपझिगच्या विल्हेल्म हिसने मानवी गर्भावरचा आपला मोठा ग्रंथ १८८० ते १८८५ या काळात काढला. त्यात गर्भांना अक्षरांनी ओळखलं जातं आणि ते पाठवणाऱ्या डॉक्टरांची दखल आहे. ज्या बाईला रात्री रक्तस्राव होऊन ते मूल पडलं, तिचं नाव त्या व्यवहारात कुठेच लागत नाही. मेणाला हात लावू देत नाहीत, आणि ते योग्यच आहे. पण काचेतून पाहताना त्याच्या गुळगुळीत पाठीवर मला पत्र्यांच्या बारीक पायऱ्या शोधायची सवय लागली आहे. एखाद्या ठिकाणी कड नीट वितळलेली नसते. तिथे दिसतं की हे कल्पनेने केलेलं नाही, हे कोणाच्या तरी पोटातलं आहे.

हाच हिस दुसऱ्या एका गोष्टीत माझ्या मनात राहिला आहे. १८९४ साली लाइपझिगच्या योहानिस चर्चपाशी खोदकामात ओकच्या शवपेटीतला एक सांगाडा मिळाला. तो योहान सेबास्टियान बाखचा असावा, असं वाटलं. १७५० मध्ये बाख गेला तेव्हा त्याच्या थडग्यावर दगड बसला नव्हता. हिसने कवटी तपासली, आणि मूर्तिकार कार्ल झेफनरने तिच्या साच्यावर मातीचा चेहरा चढवला. चेहरा मनचा नको म्हणून हिसने आधी मृतदेहांच्या चेहऱ्यांत सुई टोचून कुठे किती मांस असतं हे मोजलं. ते मृतदेह बहुतेक आत्महत्या केलेल्यांचे होते. एकाला नाव आणि चेहरा परत मिळाला. आज बाख थोमास चर्चमध्ये आहे, आणि त्याच्यापुढे रोज ताजी फुलं असतात. ज्यांच्या गालांवरून त्याच्या गालाचं माप निघालं, त्यांचा तक्ता तेवढा छापून आला. हिसचं काम मला खोटं किंवा हलकं वाटत नाही. त्या तक्त्यापासून पुढे कवटीवरून चेहरा ओळखण्याचं शास्त्र निघालं, पोलिसांना अजूनही ते लागतं. मला एवढंच दिसतं की त्या टेबलावर दोन प्रकारची माणसं होती.

मोलाज, म्हणजे रोग्याच्या अंगावरून साचा घेऊन केलेल्या मेणाच्या प्रतिकृती, पाहायला मात्र मन घट्ट करावं लागतं. ग्योटिंगेनला, बर्लिनला, कीलला, ड्रेस्डेनला हे संग्रह आहेत. काळ्या लाकडी फळीवर, कडेने पांढऱ्या कापडात बसवलेला एक चेहरा, किंवा हात, किंवा नुसती जांघ. उपदंशाचे फोड, नाक खाल्लेला त्वचेचा क्षय, देवी. रंगीत छायाचित्र हाताशी नव्हतं तेव्हा त्वचारोग शिकायचा तर रोगी समोर हवा, आणि तो दर सत्राला मिळेलच असं नाही. म्हणून हे मेण. पेणला साच्यातून गणपती काढताना पाहिलेल्याला कृती सहज कळेल. फरक असा की पेणचा साचा शाडूच्या मूर्तीवरून काढतात, इथे तो जिवंत माणसावरून काढला जाई. रोग्याच्या अंगाला तेल लावायचं, त्यावर पातळ प्लास्टर ओतायचं. प्लास्टर घट्ट होताना तापतं. खालची त्वचा सोललेली, पिकलेली असते. चेहरा असेल तर नाकपुड्यांत नळ्या घालून, डोळे-तोंड मिटून तितका वेळ निश्चल पडून राहायचं. मग साच्यात रंगवलेलं मेण थरांनी भरायचं, भुवया-पापण्यांचे केस एकेक करून रोवायचे, खवल्यांना ओलसर चमक आणायची. मेणाचं मिश्रण प्रत्येक कारागीर गुप्त ठेवी. ड्रेस्डेनला फ्रिट्झ कोल्बो आणि नंतर एला लिपमान यांनी हे काम फार वरच्या पायरीला नेलं.

मी त्वचेची डॉक्टर नाही, पण एक बाई माझ्या लक्षात राहिली आहे. तरुण, डोळे मिटलेले, ओठांच्या कडा घट्ट दाबलेल्या. हनुवटीवरचा व्रण शिकवण्यासाठी हा साचा घेतला होता. विद्यार्थ्याने पाहायचं ते व्रणाकडे. पण प्लास्टर निवडत नाही, ते सगळंच उचलतं. तिने दात आवळून धरले होते, तेही त्याने उचललं. खाली छापील चिठ्ठीवर लॅटिनमध्ये रोगाचं नाव आहे. मूर्तिकाराच्या कल्पनेतून आलेला कुठलाही मानवी चेहरा इतका खरा मी पाहिलेला नाही.

सगळ्याच प्रतिकृतींमागे असं कोणी नसतं, हेही सांगायला हवं. थुरिंगियातलं झोनेबेर्ग हे खेळण्यांचं गाव. बाहुल्यांची डोकी कागदाच्या लगद्यातून काढण्यात तिथल्या घराघरांचे हात बसलेले. मार्कुस झोमरने १८७६ मध्ये तिथेच कारखाना काढला, पुढे तो शिकवण्याची मॉडेलं करू लागला. दुसऱ्या महायुद्धानंतर तो कोबुर्गला गेला आणि झोम्झो या नावाने आजही चालतो. आमच्या कॉलेजात कपाटात कुलूपबंद असलेला जो कान होता, उघडून आतला शंख बाहेर काढता येणारा, तो याच कारखान्याचा होता. तो हातात मिळावा म्हणून आम्ही डेमॉन्स्ट्रेटर मॅडमच्या मागे मागे असायचो.

मग ड्रेस्डेन. ओडोल या गुळण्यांच्या औषधावर श्रीमंत झालेल्या कार्ल आउगुस्ट लिंगनरने १९११ मध्ये आरोग्याचं प्रचंड प्रदर्शन भरवलं. पन्नास लाखांहून जास्त लोक आले. त्यातून निघालेल्या आरोग्य संग्रहालयाची इमारत १९३० मध्ये उघडली, आणि तिथे फ्रान्झ चाकर्टने घडवलेला पारदर्शक माणूस लोकांनी प्रथम पाहिला. पूर्ण उंचीचा, दोन्ही हात वर करून उभा. त्वचा सेलॉन नावाच्या पारदर्शक प्लास्टिकची, आत शिरा आणि अवयव, एकेक करून उजळणारे. लोक त्याच्यापुढे देवळात असल्यागत उभे राहत. रक्त नाही, वास नाही, व्रण नाही. हाही त्या हस्तिदंती बाईसारखा कोणाचाच नव्हता, आणि मला वाटतं धोका तिथेच होता. कोणाचाच नसलेला देह बघता बघता सगळ्यांसाठीचं माप होतो. १९३३ नंतर त्याच संग्रहालयाने वंशशुद्धीची प्रदर्शनं भरवली, देशोदेशी फिरवली. कोणता देह राखण्याजोगा आणि कोणता नाही, हे लोकांना तिथे शिकवलं गेलं. संग्रहालय आज स्वतःच हा इतिहास आपल्या दालनांत मांडतं.

पारदर्शक माणूस उभा राहिला त्याच सुमारास, दोनशे किलोमीटर उत्तरेला, पुण्याची एक मुलगी बर्लिनमध्ये कवट्या मोजत होती. मराठी वाचकाला इरावती कर्वे म्हटलं की ‘युगान्त’ आठवतं, ‘परिपूर्ती’ आठवतं. मला त्या आधी बर्लिनच्या डालेम भागातल्या एका खोलीत दिसतात, हातात कॅलिपर घेतलेल्या. समाजशास्त्रज्ञ घुर्यांकडे मुंबईला एम.ए. केल्यावर त्या कैसर विल्हेल्म मानववंशशास्त्र संस्थेत डॉक्टरेट करायला आल्या. सासरे महर्षी कर्वे यांना हे जाणं पसंत नव्हतं. नवरा दिनकर कर्वे स्वतः जर्मनीत शिकलेले, ते पाठीशी उभे राहिले. पैसे जीवराज मेहतांनी कर्जाऊ दिले. संस्था १९२७ मध्ये उघडलेली, प्रमुख ऑयगेन फिशर. आफ्रिकेतल्या जर्मन वसाहतीतल्या मिश्र संततीवर ग्रंथ लिहून त्याने नाव कमावलं होतं, आणि पुढे हिटलरच्या राज्यात तो बर्लिन विद्यापीठाचा रेक्टर झाला.

फिशरची अटकळ अशी होती की युरोपीय माणसाची बुद्धी वरचढ, म्हणून त्याच्या कवटीची डावी-उजवी बाजू जास्त विषम असणार. इरावतीबाईंनी १४९ कवट्या मोजल्या, युरोपीय आणि बिगर-युरोपीयही. डावं-उजवं तंतोतंत सारखं कोणाचंच नसतं, हे आरशात पाहणाऱ्या कोणालाही माहीत आहे. वंशागणिक ते बदलतं का, हा प्रश्न होता. आकड्यांनी नाही म्हटलं, आणि त्यांनी ते तसंच लिहिलं. परदेशी, पंचविशीच्या आतबाहेरची, कर्ज काढून आलेली बाई. आपल्या गुरूचा लाडका सिद्धांत आपल्याच प्रबंधात पडलेला दाखवते. श्रेणी कमी मिळाली, पदवी घेऊन त्या परत आल्या. आपण त्यांच्या महाभारतावरच्या लेखनातल्या निर्भयपणाचं कौतुक करतो. तो निर्भयपणा मोजपट्टीच्या कामातून आला असावा, असं माझं मत आहे. दिसलं तेवढंच लिहायचं आणि दिसलं तेवढं लिहायचंच.

त्या खोलीतल्या कवट्या कोणाच्या, हा प्रश्न तरीही राहतो. बर्लिनच्या तेव्हाच्या संग्रहांत हजारो कवट्या वसाहतींतून आणलेल्या होत्या, पूर्व आफ्रिकेतूनही. थडगी उकरून, लढाईच्या मैदानांवरून. कपाळावर किंवा कानामागे शाईने क्रमांक, गावाचं नाव, गोळा करणाऱ्याची खूण. इरावतीबाईंच्या हातात त्या आल्या तेव्हा ही शाई आधीच वाळलेली होती.

संस्थेची इमारत आज फ्री युनिव्हर्सिटीची आहे, तिथे राज्यशास्त्र शिकवतात. २०१४ मध्ये शेजारच्या ग्रंथालयापाशी काम चालू असताना जमिनीतून हाडं निघाली. नंतर पुरातत्त्वज्ञांनी रीतसर खोदलं. सुमारे सोळा हजार तुकडे मिळाले, लहान मुलांचेसुद्धा. काही तुकड्यांवर डिंकाचे अंश होते आणि लिहिल्याच्या खुणा होत्या, म्हणजे ती हाडं कधीकाळी फळीवर मांडलेली होती. १९४२ पासून या संस्थेचा प्रमुख फॉन फेर्शुअर होता, आणि आउशवित्झमधून त्याच्याकडे नमुने पाठवणारा मेंगेले हा त्याचा जुना सहायक. त्यामुळे हाडं वसाहतींतली की छळछावणीतली की दोन्हीकडची, असा प्रश्न उभा राहिला. ज्यू, सिंती आणि रोमा, आणि कृष्णवर्णीय जर्मनांच्या संघटनांशी विचारविनिमय झाला आणि ठरलं की आणखी चाचण्या करून हाडांची वंशावार वाटणी करायची नाही. २३ मार्च २०२३ रोजी डालेमच्या दफनभूमीत ती सगळी एकत्र पुरली गेली.

डॉक्टर म्हणून माझा पहिला ओढा चाचणीकडे जातो. डीएनए आहे, समस्थानिकांची तपासणी आहे, काहीतरी कळलं असतं. पण विचार करता माझ्या ध्यानात आलं की ‘कोणाचं’ हे दोन तऱ्हांनी विचारता येतं. फिशर विचारत होता, कोणत्या वंशाचं? आजी विचारत होती, कोणाच्या घरचं? पहिल्याचं उत्तर हाड कापून मिळवता येईल. दुसऱ्याचं, ज्यांची यादीच उरलेली नाही त्यांच्या बाबतीत, बहुधा मिळणार नाही. आणि दुसरं मिळत नाही म्हणून पहिल्यावर समाधान मानायचं, तेही त्याच अंगणात, हे त्या संघटनांना नको होतं. मलाही आता ते नको वाटतं. जिथे मागे कागद उरले आहेत तिथे मात्र शोधलंच पाहिजे. हेर्मान श्टीवे या बर्लिनच्या प्राध्यापकाने प्लॉट्झेनझेच्या तुरुंगात देहदंड झालेल्यांचे, मुख्यतः स्त्रियांचे, देह वापरले. त्याच्या वारसांकडे सापडलेल्या सुमारे तीनशे काचपट्ट्यांचा माग घेतला गेला आणि मे २०१९ मध्ये त्या पुरल्या गेल्या. काचपट्टीवरच्या चिठ्ठीत नाव सापडलं तर ते नाव आधी वाचायचं, ऊतक नंतर.

आणि आता आपल्या अंगणातलं. १९८५ पर्यंत जगभरच्या वैद्यकीय कॉलेजांना आणि शाळांना खरे सांगाडे पुरवणारा सगळ्यांत मोठा देश भारत होता. धंद्याचं केंद्र कलकत्ता. लहान मुलांच्या सांगाड्यांचं प्रकरण उघडकीला आलं तेव्हा सरकारने निर्यात बंद केली. जर्मनीतल्या शाळांच्या जीवशास्त्राच्या कपाटांत अजूनही यांतले कित्येक उभे आहेत, चाकाच्या स्टँडवर, कवटीच्या माथ्यात हूक अडकवून. आयफेलमधल्या श्लाइडेन गावच्या एका शाळेने आपला सांगाडा काही वर्षांपूर्वी रीतसर पुरला. तसं सर्वांनी करावं, असं मला वाटत नाही. शिकायला खरं हाड लागतं, प्लास्टिकच्या हाडात ते वजन नाही, ती नस जाण्याची भोकं तशी नाहीत. माणसाने राजीखुशीने देह दिला असेल तर त्यावर शिकण्यासारखा दुसरा मान नाही. इथल्या विद्यापीठांत वर्ष संपताना विद्यार्थी देहदात्यांच्या नातेवाइकांना बोलावतात, गाणी वाजवतात, कुठे कुठे नावं वाचतात. महाराष्ट्रात देहदानाचे अर्ज भरणारे आता घरोघरी आहेत, माझ्या मावशीने भरलाय. बेवारस आणि दाता यांत हा सगळा फरक आहे.

माझ्या मुलाच्या शाळेतही एक खरा सांगाडा आहे. मी त्याच्या बाईंशी बोलले. त्या मोकळ्या मनाच्या आहेत. त्यांनी जुनी खरेदीची फाइल शोधून काढली, तीत एका पुरवठादाराची पावती आहे आणि मूळ देश भारत लिहिलेला आहे. स्त्री, वय अंदाजे वीस ते तीस, हे ओटीपोटाच्या हाडावरून आणि दातांवरून मी सांगू शकले. उंची फार नाही. डाव्या पिंडरीचं हाड एकदा मोडून सांधलेलं, आणि सांधलं ते नीट न बसवता. चालताना ती किंचित लंगडत असणार. स्टँडला अडकवलेल्या चिठ्ठीवर आजवर “सांगाडा, नैसर्गिक” एवढंच होतं. त्याखाली आता भारत, १९८५ पूर्वी, तरुण स्त्री, नाव नोंदलेलं नाही, असं येईल. सांगाड्याचं पुढे काय करायचं ते शाळेने आणि मुलांनी मिळून ठरवावं, असं आमचं ठरलं आहे. ठरवण्याआधी नववीच्या दोन तासिका मला मिळाल्या आहेत. पहिलीत मी हाडं शिकवणार आहे, कारण ती त्यांना आलीच पाहिजेत. दुसरीत कलकत्ता, मुंबईचा कायदा आणि इरावतीबाईंच्या १४९ कवट्या.